मुंबईभर सांडलेला एक स्कॉटिश माणूस : जॉर्ज विटेट

ठाकुरद्वारकर

लहानपणी मला कोर्टात जायला फार आवडायचं. आमच्या चाळीच्या भाड्याची केस धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात होती. शाळेला सुट्टी असली की बाबा तारखेला मलाही न्यायचे. ते वर वकिलाबरोबर, मी खाली जिन्यापाशी. तारीख आटपली की कयानीत मावा केक. आवडण्याचं खरं कारण ते.

पण एक गोष्ट केकशिवायही लक्षात राहिली. एकदा पावसाची सर येऊन गेली होती आणि बाहेरच्या भिंतीचा दगड ओला झाला होता. एरवी धुळकट पिवळट दिसणारा तो दगड एकदम हळदीचा हात लागल्यासारखा दिसायला लागला. मी बोट फिरवून बघितलं तर टाकीचे घाव हाताला लागले, बारीक, एकाशेजारी एक. बाबांना विचारलं, हे कोणी केलं? बाबा म्हणाले, इंग्रजांनी. विषय संपला.

पुढं चाळीस वर्षांनी कळलं की इंग्रजांनी नाही, एका स्कॉटिश माणसानं. आणि त्यानंच गेटवे ऑफ इंडिया बांधला. काळा घोड्याचं म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तेही त्याचं. आई जिथं महिनाभर अ‍ॅडमिट होती ते केईएमही त्याचंच. मामा ज्या बॅलार्ड इस्टेटीत शिपिंग कंपनीत कारकून होते, तिथल्या कितीतरी इमारतींना त्याचा हात लागलाय. म्हणजे मी अर्धं आयुष्य या माणसाच्या जिन्यांवरून चढ-उतार करतोय आणि मला त्याचं नाव माहीत नाही. म्हणून हा धागा.

जॉर्ज विटेट. जन्म १८७८, स्कॉटलंडमधल्या पर्थशायरातल्या ब्लेअर अथॉल नावाच्या खेड्यात. पर्थ गावात हेटन नावाच्या वास्तुविशारदाकडे उमेदवारी केली. तेव्हा डिग्री-बिग्री भानगड नव्हती, सुताराच्या पोरानं सुताराकडे राबावं तसं ड्रॉइंगबोर्डावर राबायचं. मग थोडे दिवस एडिंबरा, थोडे यॉर्क, आणि १९०४ मध्ये थेट मुंबई. वय पंचवीस.

मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुविशारद तेव्हा जॉन बेग. हाही स्कॉटिशच. त्यानं विटेटला हाताखाली घेतलं. त्याच सुमारास बेगच्या जीपीओचं काम सुरू झालं होतं, म्हणजे सीएसएमटीशेजारचं आपलं मोठं पोस्ट. त्याचा घुमट बघून विजापूर आठवत नसेल तर पुन्हा जाऊन बघा. व्हीटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर ही सगळी आधीच्या पिढीची, टोकदार कमानींची, युरोपातल्या चर्चांच्या चालीवरची. बेगनं ती चाल सोडून दख्खन आणि गुजरातेतल्या जुन्या इमारतींकडे मोर्चा वळवला. या शैलीला इंडो-सारासेनिक म्हणतात. नाव भयंकर आहे, पण तेच रूढ आहे. त्यासाठी फार लांब जायलाही नको होतं, कारण विजापूर आणि अहमदाबाद दोन्ही तेव्हा मुंबई इलाख्यातच. १९०८ मध्ये बेग भारत सरकारचा सल्लागार झाला आणि मुंबईची खुर्ची विटेटकडे आली.

आता गंमत बघा. ११ नोव्हेंबर १९०५ ला प्रिन्स ऑफ वेल्सनं म्युझियमची कोनशिला बसवली. तेव्हा इमारतीचा आराखडाच ठरलेला नव्हता! स्पर्धा झाली १९०९ मध्ये, तीत विटेटचा नकाशा निवडला गेला. म्हणजे नारळ आधी, नकाशा नंतर. १९१४ ला इमारत उभी राहिली तोवर महायुद्ध लागलं. मग तिथं लष्करी इस्पितळ. म्युझियम म्हणून दार उघडलं १० जानेवारी १९२२ ला.

तोच प्रिन्स पुढं राजा पंचम जॉर्ज झाला आणि २ डिसेंबर १९११ ला राणीसह अपोलो बंदरावर उतरला. त्याच्या आगमनाची आठवण म्हणून गेटवे. कोनशिला ३१ मार्च १९१३ ला, विटेटचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये, मग समुद्रात भराव आणि धक्का, पाया पुरा झाला १९२० ला, आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगच्या हस्ते. एकाच माणसाच्या दोन भेटी, त्यांच्या निमित्तानं विटेटच्या दोन सगळ्यात गाजलेल्या इमारती, आणि दोन्हींपैकी एकही त्याला आल्यावेळी बघायला मिळाली नाही.

हे सगळं बहुतेकांना थोडंफार माहीत असतं. मला जास्त कुतूहल आहे ते पुढच्या गोष्टीचं. हाच माणूस बॅलार्ड इस्टेटीत गेला की घुमट नाही, जाळी नाही, छज्जा नाही. चक्क लंडन. करड्या सुटातले सभ्य गृहस्थ रांगेत उभे असावेत तशा इमारती. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पुन्हा युरोपीय खांब, पण दगड मालाडचा. याला नक्की काय आवडत होतं? की आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता, गिऱ्हाईक म्हणेल तसं?

महायुद्धानंतर त्यानं सरकारी नोकरी सोडली आणि टाटांकडे गेला. टाटांचं मुख्यालय बॉम्बे हाउस (१९२४) त्याचंच. ११ सप्टेंबर १९२६ ला मुंबईतच आमांशानं वारला. अठ्ठेचाळीसही पुरी नव्हती. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलंय.

जाणकारांनी भर घालावी. चुका असतील तर कान पिळावेत.

पळसपान

मस्त लेख! वाचनखूण साठवली. मावा केकच्या उल्लेखाबद्दल निषेध, इथं इंदुरात रात्रीचे साडेअकरा वाजलेत.

गुळपोळी

छान माहिती. पण राजाराणी गेटवेमधूनच आत आले ना? शाळेत तर तसंच शिकवलं होतं. "स्वागतासाठी बांधले."

ठाकुरद्वारकर

गुळपोळीताई, मलाही तसंच शिकवलं. पण १९११ ला तिथं दगड नव्हताच. राजाला दिसली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. आणि गेटवेवरचा इंग्रजी लेख मान वर करून वाचलात तर त्यात स्वागत-बिगत काही नाही. राजाराणी २ डिसेंबर १९११ रोजी भारतात उतरले त्याच्या स्मरणार्थ उभारलं, एवढंच. सालही रोमन आकड्यांत आहे, त्यामुळं फोटो काढणाऱ्यांपैकी कोणी वाचत नाही.

फटकळ

लेख चांगला, पण एवढं गहिवरायचं कारण कळलं नाही. आमच्याच मशिदींच्या, मंदिरांच्या कमानी उचलायच्या, आमच्याच पैशानं बांधायचं, वर त्यांच्या राजाचं नाव कोरायचं. एकवीस लाख रुपये खर्च झाला होता गेटवेला, त्या काळचे. ज्यांनी ऊन्हात बसून दगड घडवला त्या पाथरवटांची नावं आहेत का कुठं? विटेटसाहेबांचं कौतुक त्यांचे स्कॉटलंडवाले करतील.

आणि हो, याच दरवाज्यातून शेवटची गोरी पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला चालती झाली. माझ्या लेखी त्या इमारतीचा खरा उपयोग तेवढाच.

पळसपान

+१ फटकळ. शेवटच्या वाक्याला +१०.

ओळंबा

मी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवते, त्यामुळं हा धागा बघून राहवलं नाही.

आधी एक छोटी भर. जीपीओचा घुमट विजापुरी हे ठीक. म्युझियमचं मात्र जरा वेगळं आहे. बाहेरून दिसणारा घुमट गोवळकोंड्याच्या वळणाचा आहे, भोवती छोट्या घुमट्यांचे मनोरे. विजापूर आहे ते आत. मधल्या दालनात उभं राहून वर बघा. एकमेकींना छेदत जाणाऱ्या कमानी दिसतील, ती विजापूरच्या प्रसिद्ध गोल घुमटाची युक्ती. चौकोनी खोलीवर गोल टोपी ठेवायची तर कोपऱ्यांचं काय करायचं हा जुना प्रश्न. विजापूरच्या गवंड्यांनी कमानी तिरप्या फिरवून एकमेकींत गुंतवल्या, की चौकोनाचा अष्टकोन होतो आणि वजन भिंतींवर वाटून जातं. विटेटनं ते शोभेसाठी चिकटवलेलं नाही, रचना समजून घेऊन वापरलंय. मला त्याचं कौतुक त्यासाठी आहे. फटकळसाहेब, उचललं म्हणा हवं तर, पण कळून उचललं.

दुसरं, गेटवे. लोकांना तो पूर्ण दगडी वाटतो. आत सिमेंट काँक्रीट आहे. दगड आणि काँक्रीट दोन्ही मिळून ते काम आहे, आणि त्या काळी आपल्याकडे काँक्रीट नवंच होतं. मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट, जमिनीपासून उंची ८३ फूट. पण खालून बघताना तो घुमट दिसतच नाही! दिसते ती प्रचंड कमान, चार कोपऱ्यांचे मनोरे आणि जाळ्या. ही सगळी गुजरातच्या सोळाव्या शतकातल्या सुलतानी इमारतींची भाषा. आणि जाळ्या ग्वाल्हेरहून आल्या.

तिसरं. गेटवेसमोर उभं राहून शहराकडे तोंड करा. एवढा मोठा दरवाजा, आणि रस्ता त्याच्यात सरळ शिरत नाही, कानकोपऱ्यानं येतो. दरवाज्यापासून थेट शहरात जाणारा रुंद राजमार्ग करायचा बेत होता. पैसा नव्हता म्हणून तो झाला नाही. मी मुलांना सांगते, लग्नाची कमान उभारली आणि मांडव घालायला पैसे उरले नाहीत, तसं आहे हे.

ठाकुरद्वारकर

ओळंबाताई, भर घातल्याबद्दल आभार. मूळ लेखात बदल करत नाही, खाली तुमचा प्रतिसाद आहेच.

मांडवाची उपमा मी ढापणार.

गोदातीर

म्युझियमचा विषय निघालाच आहे तर आमच्या नाशकाचं येणं आहे त्यात. मधल्या दालनात वर पहिल्या मजल्याच्या गोल सज्जाला लाकडी खांब आणि महिरपी आहेत ना, त्या नाशिकच्या एका वाड्यातल्या. वाडा उतरवला होता, त्याचं लाकूडकाम विकत घेऊन विटेटनं तिथं बसवलं. दगडी इमारतीच्या ऐन पोटात आमचा चौक.

माझं बालपण पंचवटीतल्या वाड्यात गेलं. आता तिथं टॉवर आहे. म्युझियमला पहिल्यांदा गेलो ते शाळेच्या सहलीत, सगळी पोरं ममी बघायला पळाली आणि मी त्या खांबाखाली उभा. आमच्या ओसरीवर असाच खांब होता, त्याला पाठ लावून आजी तांदूळ निवडायची. मास्तरांनी कानाला धरून रांगेत आणलं.

तेव्हा माहीत नव्हतं की हे लाकूड नाशकाचं आहे. आत्ता काही वर्षांपूर्वी कळलं.

ओळंबा

गोदातीर, हे फार आवडलं. आणि वाडे उतरवून लाकूड विकायचा उद्योग किती जुना आहे तेही दिसतं यातून.

फटकळ

म्हणजे वाडाही आमचाच. मी काय म्हणत होतो?

गोदातीर

फटकळराव, तुमचं पटतंय आणि नाहीही पटत. तो वाडा नाशकातच राहिला असता तर आज त्याच्या जागी पार्किंग असतं. आमच्या वाड्याचं लाकूड कुठं गेलं ते मला आजही माहीत नाही.

खडीवाला

तीस वर्षं खाणकाम आणि भूगर्भाशी संबंध आलाय म्हणून दगडाबद्दल लिहितो.

धागाकर्त्यांना ओला दगड हळदीसारखा दिसला ते बरोबर आहे. मालाडचा दगड. इंग्रजी पुस्तकांत त्याला पिवळा बेसॉल्ट म्हणतात, तो बेसॉल्ट नव्हे. आपला नेहमीचा सह्याद्रीचा काळा कातळ तो बेसॉल्ट. मालाडचा दगड हाही ज्वालामुखीचाच, पण जात वेगळी, ट्रॅकाइट म्हणतात. त्यात सिलिका जास्त, लोह कमी, म्हणून फिकट. काळ्या कातळापेक्षा टाकीखाली जरा ऐकतो, आणि तरी समुद्राच्या हवेला टिकतो. याच्या आधी मुंबईत नक्षीकामाला पोरबंदरचा दगड फार वापरला, तो चुनखडी. कोरायला लोण्यासारखा, पण खाऱ्या हवेत आणि पावसात खंगतो. फोर्टातल्या जुन्या इमारतींवरचे झिजलेले चेहरे बघा, नाकं गेलेली असतात.

म्युझियमला दोन दगड आहेत, कुर्ल्याचा निळसर करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळा. म्हणजे हार्बर आणि वेस्टर्न दोन्ही लाइनी आल्या. आज दोन्ही ठिकाणच्या खाणी बुजून वर सोसायट्या उभ्या आहेत, त्यामुळं दुरुस्तीला तोच दगड हवा असेल तर पंचाईत होते. जुनी इमारत पाडली की तिचा मालाड स्टोन जपून काढून घेणारे लोक आहेत.

पळसपान

"हार्बर आणि वेस्टर्न दोन्ही लाइनी आल्या" 😂 दंडवत काका.

मफलर

एडिंबऱ्यातून लिहितोय. या धाग्यामुळं शनिवार सत्कारणी लागला, गाडी धरून ब्लेअर अथॉलला जाऊन आलो. पर्थहून इन्व्हरनेसला जाणाऱ्या लायनीवर आहे.

गाव एवढंसं. दगडी घरं, स्लेटची छपरं, एक जुनी पाणचक्की, आणि पांढराशुभ्र ब्लेअर कॅसल. तिथल्या ड्यूकला आजही स्वतःचं खासगी सैन्य बाळगायची परवानगी आहे, युरोपातलं असं एकमेव. कवायती करतात, बॅगपाइप वाजवतात, लढाईला कोणी पाठवत नाही. अवांतर : ब्लेअर अथॉल नावाची व्हिस्की आहे, ती मात्र शेजारच्या पिटलोक्री गावात बनते. मी खात्री करून आलो.

पिटलोक्रीत उतरलो ते दुसऱ्या कारणासाठी. विटेट ज्या हेटनांकडे शिकला त्या घराण्याचं मोठं काम म्हणजे तिथलं अथॉल पॅलेस हॉटेल. विटेटच्या उमेदवारीच्या आधीचं आहे, मूळचं जलोपचाराचं केंद्र. लांबून बघितलं तर किल्ला वाटतो. टोकदार छपराचे बुरूज, मनोरे, सगळा सरंजाम. आत मात्र पाहुण्यांच्या खोल्या आणि चहाचे दिवाणखाने. इकडे एकोणिसाव्या शतकात ही फॅशनच होती, जुन्या स्कॉटिश गढ्यांचा पोशाख नव्या इमारतींना चढवायचा. बँक असो, हॉटेल असो, कोणा गिरणीमालकाचा बंगला असो.

ते हॉटेल बघताना ठाकुरद्वारकरांच्या प्रश्नाचं उत्तर सापडल्यासारखं वाटलं. विटेटला काय आवडत होतं? ज्या पोरानं उमेदवारीच अशा कचेरीत केली जिथं हॉटेलला किल्ल्याचे कपडे घालतात, त्याला म्युझियमला विजापूरचा अंगरखा चढवताना काय वावगं वाटणार? यॉर्कला तो ज्या वॉल्टर ब्रायर्लीकडे होता, तोही जुन्या इंग्रजी घराण्यांच्या शैली नव्यानं मांडण्यात पटाईत. म्हणजे या माणसाचं सगळं शिक्षणच हे, की जिथं बांधायचंय तिथली जुनी कापडं धुंडाळायची, मापं घ्यायची आणि नवीन अंगाला शिवायचं. शिंपी होता हो तो. मुंबईत कापड वेगळं मिळालं, एवढंच.

ओळंबा

मफलर, शिंपी! अगदी. आणि बॅलार्ड इस्टेटीलाही हे लागू पडतं. तिथं गिऱ्हाईक पोर्ट ट्रस्ट आणि भाडेकरू जहाज कंपन्या, विलायती पेढ्या. त्यांना मशिदीच्या कमानी कशाला हव्यात? त्यांना लंडनच्या हेडऑफिससारखं दिसायचं होतं. सरकारला "आम्ही इथलेच" दाखवायचं होतं, व्यापाऱ्याला "आम्ही तिथलेच". शिंपी एकच.

फटकळ

हे मात्र पटलं. सरकारला "आम्ही इथलेच" दाखवायचं होतं, हे वाक्य जपून ठेवा. माझा मूळ मुद्दा तोच होता, ताईंनी सभ्य भाषेत मांडला.

जुना कारकून

बॅलार्ड इस्टेटीचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड शोधण्यात दोन दिवस गेले.

छत्तीस वर्षं तिथं नोकरी. ती सगळी जमीनच मुळी खोदकामाच्या मातीची. अलेक्झांड्रा गोदी खणली (आता इंदिरा गोदी), त्यातून निघालेल्या मातीदगडाचा भराव घालून बावीस एकर जागा तयार झाली. नाव कर्नल बॅलार्ड यांचं, पोर्ट ट्रस्टचे संस्थापक. बांधकाम १९१४ ते १९१८, म्हणजे ऐन लढाईत. सगळ्या इमारतींची उंची एका रेषेत, कोणी वर डोकं काढायचं नाही, रस्ते सरळ. दक्षिण मुंबईत दुपारी दीड वाजता सावलीतून चालता येणारी जागा तेवढीच. पाऊस पडला की आम्ही एका इमारतीच्या छपराखालून दुसऱ्या इमारतीच्या छपराखाली उड्या मारत चहावाल्याकडे जायचो.

बावन्न पायऱ्या होत्या आमच्या हाफिसला, दगडी. मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. लिफ्ट होती, पण ती साहेबांची. निवृत्तीच्या दिवशी साहेब म्हणाले, आज लिफ्टनं चला. मी म्हटलं, नको, सवय नाही.

पळसपान

काका, प्रतिसाद नव्हे हा, स्वतंत्र लेख आहे. लिहा.

गुळपोळी

कोल्हापूरचा नवा राजवाडा पण याच साहेबांचा ना? तिथंही असेच घुमट आहेत.

ओळंबा

नाही गुळपोळीताई. तो चार्ल्स मँटचा, विटेटच्या बराच आधीचा. १८८४ मध्ये पुरा झाला, तेव्हा विटेट सहा वर्षांचा होता. शैलीचं गोत्र तेच.

आणि गेटवेशेजारचं ताजही विटेटचं नव्हे, बरेच जण तशी चूक करतात. ते १९०३ चं. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा आराखडा, पूर्ण केलं चेंबर्सनं. विटेट मुंबईत उतरला तेव्हा ताज उभं होतं. गेटवेच्या बांधकामावर देखरेख होती ती रावबहादूर यशवंत हरिश्चंद्र देसाई यांची. फटकळसाहेब, तुम्ही नावं विचारलीत म्हणून ही सांगितली. पाथरवटांची मात्र कुठल्याही पाटीवर नाहीत, ते खरंच.

फटकळ

धन्यवाद. शाळेच्या पुस्तकात वैद्य आणि देसाई आले असते तर माझा पहिला प्रतिसाद एवढा कडू झाला नसता.

सिंधुसागर

एक भर. कराचीचं पोर्ट ट्रस्टचं मुख्यालय विटेटचंच आहे, १९१६ चं. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, त्यामुळं मुंबईचा सरकारी वास्तुविशारद तिथंही काम करायचा. पहिल्या महायुद्धात तिथंही लष्करी इस्पितळ थाटलं होतं, म्युझियमसारखंच. आजोबा फाळणीआधी कराचीत रेल्वेत होते, त्यांच्याकडून त्या घुमटाचं वर्णन ऐकलंय. मुंबईला आल्यावर म्युझियमपुढं उभे राहून म्हणाले होते म्हणे, "हे तर आपल्या बंदरावरचं."

कॉरिडॉर

माझी आई केईएमला परिचारिका होती, सातवीपर्यंत माझा अभ्यास तिथल्याच बाकांवर झालाय. केईएम आणि शेजारचं वाडिया प्रसूतिगृह दोन्ही १९२६ ची, दोन्ही विटेटची.

केईएमची एक गोष्ट इथं यायलाच हवी. गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि हे इस्पितळ जोडीनं उभं राहिलं आणि देणगीदारांची अटच होती की तिथले डॉक्टर-प्राध्यापक भारतीय असले पाहिजेत. तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेजात वरच्या जागा गोऱ्यांच्या. म्हणजे राजा एडवर्डचं नाव, स्कॉटिश माणसाचा नकाशा, आणि आत काम करणार फक्त आपले लोक. वाडिया तर परळच्या गिरण्यांतल्या बायकांसाठी.

तिथले लांबच लांब व्हरांडे, उंच छत, दोन्ही बाजूंनी खिडक्या. आई म्हणायची, वीज गेली तरी वॉर्डात जीव गुदमरत नाही. गेटवेच्या जाळीपेक्षा मला त्या खिडक्या मोठ्या वाटतात.

आणि ज्या वर्षी ही इस्पितळं उघडली त्याच वर्षी हा माणूस आमांशानं गेला. आज चार दिवसांच्या गोळ्यांत बरा झाला असता.

ठाकुरद्वारकर

कॉरिडॉर, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आई तिथं होती तेव्हा मी रात्री त्याच व्हरांड्यात चटई टाकून झोपायचो. मे महिना होता आणि खरंच वारा असायचा.

ओळंबा

अजून एक राहिलंच. १९१७ मध्ये जेजेच्या वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी संघटना काढली, तिचा पहिला अध्यक्ष विटेट. तीच पुढं नावं बदलत १९२९ ला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. आज देशभरातले आमच्या धंद्यातले लोक जिचे सभासद असतात ती ही.

आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला लागून असलेला कावसजी जहांगीर हॉल. बाहेरून विटेट, आतून १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. आतलं सगळं काढून जिने आणि अर्धगोल गॅलऱ्या घातल्यात. विद्यार्थ्यांमध्ये यावरून दरवर्षी भांडण लावते मी. अर्धी मुलं म्हणतात खून केला, अर्धी म्हणतात जीवदान दिलं.

मफलर

जॉन बेगचं काय झालं म्हणाल तर तो परत गेला. इथं एडिंबऱ्यात शिकवायचा, १९३७ मध्ये वारला. दोघे एकाच मुलखातून गेले, एक घरी आला, एक शिवडीत राहिला.

जुना कारकून

शिवडीच्या त्या दफनभूमीत मी गेलोय, आमच्या हाफिसातल्या फर्नांडिसच्या मातीला. व्हीटी बांधणारे स्टीव्हन्ससाहेबही तिथंच आहेत. फर्नांडिसच्या भावाला विचारलं तर म्हणाला, ते दोघं जुन्या भागात, झाडीत. पावसाळ्यात जाऊ नका, गवत कमरेएवढं होतं.

पळसपान

मग कट्टा होऊन जाऊ दे. मी डिसेंबरात मुंबईत आहे. सकाळी गेटवे, मग म्युझियम, बॅलार्ड इस्टेट, दुपारी ब्रिटानियात बेरी पुलाव, मग शिवडी.

ठाकुरद्वारकर

धोबीतलाव राहिलं. सुरुवात तिथून, म्हणजे आधी मावा केक.

फटकळ

मी येतो. गेटवेवरचा लेख मोठ्यांदा वाचून दाखवायचं काम माझं.

खडीवाला

पाण्याची एक बाटली जास्तीची आणा, मालाडचा दगड ओला करून दाखवतो.